तीस सप्टेंबरचा पट

नांदगाव तालुक्यात शाळेचं वर्ष दोनदा सुरू होतं. एकदा जूनच्या मध्यावर, नवी पुस्तकं वाटून, पहिलीच्या पोरांना ओवाळून. दुसऱ्यांदा मार्च-एप्रिलमध्ये, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्यावर. मधल्या महिन्यांत हजेरीपत्रकातल्या गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत मी दोन दशकांहून अधिक काळ शिकवलं, त्यातला बहुतेक काळ याच तालुक्यात. सरकारचं शिक्षणाचं धोरण मला कळलं ते या खुणांकडे बघत. शासन निर्णय मी सगळे वाचले, फाइलला लावले, पण त्यांचा अर्थ हजेरीपत्रकातच लागला.

तालुका ज्यांनी रेल्वेतून पाहिला आहे त्यांना मनमाडचं जंक्शन आठवतं, फार तर नांदगाव आणि न्यायडोंगरीची स्टेशनं. रुळांपासून आत गेलं की दुसरा तालुका लागतो. कन्नड-वैजापूरच्या हद्दीकडे डोंगर, पायथ्याला तांडे, माळरानावर चार-चार घरांच्या वस्त्या. पाऊस बेभरवशाचा. गिरणा धरण तालुक्याच्या हद्दीत आहे, पण त्याचं बरंचसं पाणी खाली जळगाव जिल्ह्यातल्या शेतांना जातं. मका, बाजरी, कापूस निघाला आणि कांद्याची लागण आटोपली की कोरडवाहू घराला गावात काम उरत नाही. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते ती फेडायला नवरा-बायको कोयता घेऊन निघतात, नगरकडे, पश्चिम महाराष्ट्रात, कुणी गुजरातेत. पोरं त्यांच्याबरोबर जातात.

मी शिक्षण सेवक म्हणून रुजू झाले तेव्हा मानधन महिना तीन हजार रुपये होतं. २००० साली राज्याने ही योजना आणली. तीन वर्षं मानधनावर काढायची, मग नियमित वेतनश्रेणी. दरम्यान मानधन वाढलं, आणि २०२३ मध्ये प्राथमिकसाठी सोळा हजार झालं. तीन हजारांत नांदगावात खोली, काळी-पिवळीचं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे बसवायचे म्हणजे रोजचा हिशेब. तरीही त्या वर्षांबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही, कारण शाळेत माझ्या जोडीला एक जुने गुरुजी होते. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. पहिलीच्या मुलांना अक्षराआधी रेघ मारू द्यायची, मुलाचं नाव हाक मारण्याआधी त्याच्या घरी कोणती बोली बोलतात ते विचारायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. आमच्या वर्गात घरून गोरमाटी बोलणारी मुलं होती, भिल्ल वस्तीवरची होती, अहिराणी कानावर असलेली होती. मराठी पुस्तक या सगळ्यांना सारखंच परकं होतं. गुरुजी पहिले दोन महिने पुस्तक उघडतच नसत. मुलांच्या बोलीतल्या वस्तू गोळा करत, त्यांची मराठी नावं शेजारी ठेवत, आणि मुलंही मग त्यांना त्यांची नावं शिकवत. असं काम करायला वेळ लागतो आणि डोकं शांत असावं लागतं. चार वर्ग एकटीने सांभाळताना ते होत नाही.

एकटीने सांभाळायची वेळही पुढे आली. गुरुजी निवृत्त झाले, त्यांची जागा रिकामी राहिली. मधून कुणाला तरी कामगिरीवर पाठवायचे, महिना-दोन महिन्यांनी तो माणूस दुसऱ्या शाळेत जायचा. त्या काळातली एक दुपार सांगते. तिसरीतल्या एका मुलाला शाळेमागच्या दगडांत विंचू चावला. गावात गाडी नव्हती, मोठी माणसं शेतावर. मुलाला मी नांदगावला न्यायचं, तर मागे पहिली ते चौथीची सगळी मुलं कुणाच्या भरवशावर ठेवायची? खिचडी शिजवणाऱ्या ताईंना हातातलं काम टाकून वर्गात बसवलं, सरपंचांच्या घरी मोटारसायकल मागितली आणि निघाले. मुलगा वाचला, रात्री घरीही आला. पण जी बाई वर्षभर स्वयंपाक करते, भांडी घासते, पाणी भरते, ती त्या दिवशी शाळेची शिक्षक झाली होती. कागदावर मात्र शाळा त्या दिवशी व्यवस्थित चालू होती. एक शिक्षक नेमलेला, एक हजर.

शाळेला दुसरा शिक्षक हवा, ही काही नवी मागणी नाही. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. तिने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक देण्याचं ठरवलं, शक्यतो त्यांतली एक बाई. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असा आकडा कायद्यातच लिहिला. म्हणजे पाच मुलं असली तरी दोन, साठ असली तरी दोन. कायदा लिहिणाऱ्यांना एकशिक्षकी शाळेचं दुखणं ठाऊक होतं असं मला ते कलम वाचताना वाटलं होतं. एक शिक्षक आजारी पडतो, बाळंतपणाला जातो, निवडणुकीच्या कामाला जातो, प्रशिक्षणाला जातो. दुसरा असला की शाळा चालते. नसला की फक्त उघडी राहते.

त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरी अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं आहे. कलम छोटं आहे, पण त्यातल्या ‘निवडणूक’ या अपवादात आमचे आठवड्यांमागून आठवडे गेले. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदार याद्या घेऊन घरोघरी फिरणं वर्षभर संपत नाही. मतदार यादीचं काम देशाचं काम आहे, मी ते मनापासून केलं. पण ज्या शाळेत मी एकटी होते तिथे माझ्या त्या कामाची किंमत दुसरीतल्या मुलांनी दिली, आणि ती कुठल्याच अहवालात आली नाही.

आता पटाकडे येते, कारण आमच्या खात्यात सगळं पटावर ठरतं. ३० सप्टेंबरची पटसंख्या धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं. पट उतरला की शिक्षक अतिरिक्त, मग समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत रवानगी. अनेक वर्षं काही ठिकाणी पट फुगवलेला होता, हे खोटं नाही. म्हणून राज्याने २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ३ ते ५ तारखेला एकाच वेळी सगळ्या शाळांची पटपडताळणी केली. मुलांच्या बोटाला शाई लावली, मतदानाला लावतात तशी. ६ तारखेला दसरा होता. आमच्याकडच्या काही टोळ्या त्या वर्षी दसऱ्याआधीच निघाल्या होत्या, त्यांना लांबच्या कारखान्यावर वेळेत पोचायचं होतं. ती मुलं खरी होती. त्यांच्या वह्या माझ्या कपाटात होत्या, त्यांच्या जुलैच्या चाचणीचे गुण नोंदलेले होते. पण शाई लावायला त्यांची बोटं तिथे नव्हती. तपासणीसाठी आलेल्या माणसाला मी वह्या काढून दाखवल्या. तो भला माणूस होता, त्याने नुसतं डोकं हलवलं आणि म्हणाला, ‘मॅडम, मला समोर दिसतील तेवढीच मोजायला सांगितलंय.’

पडताळणीत राज्यभर मोठा बोगस पट सापडला आणि त्यानंतर २०१२ पासून शिक्षक भरती थांबली. ती थेट २०१९ मध्ये पवित्र पोर्टलवरून पहिली यादी लागेपर्यंत जवळपास थांबलेलीच राहिली. खोटा पट दाखवणाऱ्यांना शिक्षा व्हायला हवी होती यात वाद नाही. पण त्या सात वर्षांत जे निवृत्त झाले त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि डी.एड. झालेली तालुक्यातली हुशार पोरं कुणी कंपनीत, कुणी किराणा दुकानावर, कुणी खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर लागली. मी शिकवलेली एक मुलगी डी.एड. होऊन आली तेव्हा मला फार आनंद झाला होता. तांड्यातली ती पहिली. तिने सात वर्षं भरतीची वाट पाहिली, मग वाट पाहणं सोडलं. आमच्या वाडी-वस्तीच्या शाळेला तिच्यासारखा शिक्षक मिळाला असता, ज्याला मुलांच्या आईशी तिच्या भाषेत बोलता येतं, तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करते.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यात एक मुद्दा होता. सरकारचा महसूल मुख्यतः राबणाऱ्या शेतकऱ्याकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे जातो. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, आणि शिक्षक शेतकरी समाजातून, चांगला पगार देऊन घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या अध्यापक विद्यालयात ते निवेदन परीक्षेपुरतं शिकवलं होतं. त्या मुलीने भरतीची आशा सोडली तेव्हा मी ते पुन्हा काढून वाचलं.

स्थलांतराचं काम मी पहिल्यांदा हातात घेतलं ते एका चौथीतल्या मुलीमुळे. गणितात तल्लख होती. सप्टेंबर अखेरीस ती मला म्हणाली, ‘मॅडम, मी यंदा परीक्षेला नाही. धाकट्याला सांभाळायला जायचंय.’ मी मुकादमाकडे गेले. त्याच्याविषयी माझ्या मनात बरंच काही होतं, पण माणूस सरळ बोलला. ‘बाई, पोरं आणू नका असं मीच सांगतो. शाळकरी पोर फडात आलं की माझ्याच मागे कटकट. पण आई-बाप दोघंही कोयत्यावर. तान्हं पोर कोपीत कोण बघणार? त्याची सोय करा, मोठी मुलगी तुमचीच.’ त्याच्या या बोलण्यात जो व्यवहार होता तो मला आमच्या बैठकांत कधी ऐकायला मिळाला नव्हता. मोठ्या मुलीचं शिक्षण धाकट्याच्या सांभाळात अडकलं होतं. त्यावर अंगणवाडी आणि शाळा दोघींनी मिळून काम करायला हवं होतं, आणि त्या दोघी दोन वेगळ्या खात्यांत होत्या.

सरकारकडे उपाय नव्हते असं नाही. कारखान्यांवर साखरशाळा चालवून झाल्या. नंतर हंगामी वसतिगृहांची योजना आली. आई-बाप फडात गेले तरी मुलाने गावातच राहायचं, आजीकडे किंवा नातेवाइकांकडे झोपायचं, आणि दोन वेळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीने शिजवून द्यायचं. आमच्या तालुक्यासाठी याहून चांगली योजना मी पाहिलेली नाही. गावात राहिलेल्या आजीची अडचण खाण्याचीच असते. एक आजी मला म्हणाली होती, ‘पोरीला ठेवून घेते की. पण दोन टायमाला तिच्या ताटात काय वाढू?’ त्या प्रश्नाला या योजनेत नेमकं उत्तर होतं.

अडलं ते तारखांवर. प्रस्ताव करायला स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी लागते, ती यादी पटाच्या कामानंतर, ऑक्टोबरात मागवली जायची. मग ती वरच्या कार्यालयात, तिथून आणखी वर. मंजुरी हातात पडायची तेव्हा डिसेंबर उजाडलेला असायचा आणि मुलं फडावर जाऊन महिना उलटलेला असायचा. एका वर्षी मंजुरी जानेवारीत आली. मी फोन करून तीन घरांना विचारलं, मुलांना परत पाठवता का? एका बापाने उलट विचारलं, ‘कुणाबरोबर पाठवू?’ त्याला उत्तर देता येईना. त्यानंतर मी प्रस्तावाची वाट पाहणं बंद केलं. पोळा झाला की उचलीची बोलणी सुरू होतात, कोण जाणार ते गावाला तेव्हाच कळतं. ऑगस्टपासून मी घरोघरी फिरून वही भरू लागले. मुलाचं नाव, इयत्ता, मागे घरी कोण राहणार, कुठला कारखाना, मुकादमाचा फोन. ही वही कुठल्याही नमुन्यात नव्हती. माझ्या नोकरीतला सगळ्यात उपयोगी कागद तोच.

जी मुलं गेलीच, त्यांना शिक्षण हमी कार्ड देत असू. कार्ड दाखवलं की जवळच्या शाळेने विनाअट प्रवेश द्यायचा. एप्रिलमध्ये बरीच कार्डं घडी न मोडता परत यायची. आई-बापाला फडातून वेळ नसायचा आणि अनोळखी गावच्या शाळेत जाऊन उभं राहायची भीड असायची. एकदा वहीतल्या नोंदीवरून मी नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्याजवळच्या शाळेत फोन लावला. तिथल्या गुरुजींनी ओळखदेख नसताना स्वतः कोप्यांवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्यांवर, जाऊन आमची तीन मुलं वर्गात नेली. एप्रिलमध्ये ती मुलं परत आली तेव्हा त्यांच्या वहीत त्या गुरुजींच्या हस्ताक्षरात भागाकार होते. धोरणाने या दोन शाळांना जोडणारा रस्ता कार्डाच्या रूपाने आखला होता, पण त्या रस्त्याने चालायचं काम एका शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडलं होतं. त्या गुरुजींच्या शाळेत दुसरा शिक्षक होता. नसता, तर ते कोप्यांवर जाऊ शकले नसते.

आधाराच्या योजनांविषयी थोडं. १९९५ मध्ये पोषण आहार सुरू झाला तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, ऐंशी टक्के हजेरी असेल तर. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या म्हटलं आणि शाळेत खिचडी आली. मी दोन्ही काळ पाहिलेल्या शिक्षकांबरोबर काम केलं, सगळ्यांचं एकच म्हणणं, शिजलेल्या अन्नाने दुपारची हजेरी टिकली. आमच्याकडे सोमवारी मुलं लवकर यायची. रविवारी शाळेला सुट्टी असते, म्हणजे त्या दिवशी काही घरांत एकच जेवण झालेलं असतं. पण ते अन्न शिजवणाऱ्या ताईंना अनेक वर्षं महिना हजार रुपये मिळत होते, २०२३ पर्यंत ते अडीच हजारांवर आले. धूर, चूल, पाणी, आणि माझ्यासारखीने वर्गात बसवलं तर तेही काम. विधवा बाई, दोन मुलं. तिचं मानधन थकलं की मला तिच्यासमोर उभं राहणं कठीण जायचं.

मुलींच्या उपस्थिती भत्त्याचंही असंच. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज एक रुपया. १९९२ मध्ये सुरू झाला तेव्हा त्या रुपयाला किंमत होती. पुढे वर्षानुवर्षं तो एक रुपयाच राहिला. मुली तो कशासाठी आहे हे विचारायच्या आणि मी सावित्रीबाईंचं नाव सांगायचे. त्या नावाला शोभेल एवढी रक्कम त्याला जोडावी, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणत आले.

मग ऑनलाइनचे दिवस आले. मुलांच्या आणि शाळांच्या नोंदींसाठी सरल, यू-डायस, आणि आधार. संचमान्यतेसाठी आधार वैध असलेलीच मुलं धरायची असं ठरलं तेव्हा मी मुख्याध्यापक होते. वर्गात रोज समोर बसणारा मुलगा मोजला जाईना, कारण त्याच्या जन्माची नोंद नव्हती. जन्म फडात झालेला. दुसऱ्या एकीचं आडनाव आधारवर वेगळं, दाखल्यावर वेगळं. तिच्या आईला दुरुस्तीसाठी तीनदा नांदगावला जावं लागलं, तीन दिवसांची मजुरी बुडाली. २०११ मध्ये शाईने जे झालं तेच आता अंगठ्याच्या ठशाने होत होतं. समोर दिसणाऱ्या मुलापेक्षा खुणेवर भरवसा जास्त. खोट्या पटाला आळा बसावा हा हेतू मला मान्य आहे. पण तांड्यावर कॅम्प लावून मुलांचे कागद करून देणं ही आधी सरकारची जबाबदारी, आणि मगच मोजणी, असा क्रम हवा होता. काही ठिकाणी चांगल्या अधिकाऱ्यांनी तसे कॅम्प लावलेही. तिथे पट सांभाळला गेला.

लहान शाळा बंद करण्याची चर्चा माझ्या नोकरीत अनेकदा झाली. २०१७ च्या शेवटी दहाहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे लहान शाळांतली मुलं एका मोठ्या शाळेत एकत्र आणण्याची, कल्पना पुढे आली. तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत ही नमुन्याची उदाहरणं सांगितली गेली.

याविषयी मला सरसकट बोलता येत नाही. चार मुलांची शाळा मी पाहिली आहे. तिथे कबड्डीचा संघ होत नाही, दुसरीतल्या एकट्या मुलीला स्पर्धा करायला कुणी नसतं, आणि मुलं एकमेकांना इतकी ओळखून असतात की नवीन काही बोलायचं उरत नाही. जिथे रस्ता चांगला आहे, गाडी रोज येईल याची खात्री आहे, तिथे मोठ्या शाळेत मुलं खुलतात. हे मी एका वस्तीवरून रस्त्यालगतच्या शाळेत गेलेल्या मुलांमध्ये बघितलं. पण शाळा कुठली बंद करायची हे पटावरून ठरवू नये, पायवाटेवरून ठरवावं. शिक्षण हक्क कायद्याखालचे नियम पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर म्हणतात. एक किलोमीटर नकाशावर सगळीकडे सारखा. आमच्या एका वस्तीच्या आणि गावाच्या मधे नाला आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी वाहतुकीची सोय होईल असं सांगितलं, तेव्हा एका बापाने विचारलं, ‘मॅडम, नाल्याला पाणी आलं की गाडी पलीकडे थांबणार. मग सहा वर्षांची पोरगी कुणाच्या खांद्यावर पाठवू? मी तर फडावर असतो.’ बैठकीला आलेल्या बाया काही बोलल्या नाहीत. नंतर बाहेर भेटून एकीने सांगितलं, शाळा लांब गेली तर मुलीला चौथीनंतर नाही, चौथीच्या आधीच घरी बसवतील. त्या बैठकीचा ठराव मी शब्दशः लिहिला आणि पुढे पाठवला. ती शाळा आजही आहे.

पण लहान शाळा टिकली तरी तिला शिक्षक किती, हा प्रश्न राहिलाच. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. वीसपर्यंत पट असेल तर नियमित शिक्षक एक, दुसरा शक्यतो सेवानिवृत्तांमधून. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगारांना अशा शाळांत पंधरा हजारांच्या मानधनावर कंत्राटी घ्यायचं ठरलं, त्यातही पुढे बदल झाले. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. मी रजा टाकली होती. निवृत्त शिक्षकाच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही, माझे पहिले गुरुजी असते तर मी त्यांना हात जोडून बोलावलं असतं. पण कंत्राटी माणूस वर्षभरासाठी येतो, त्याला पुढच्या ऑगस्टची खात्री नसते. आमच्याकडचं काम तर ऑगस्टलाच सुरू होतं, आणि मुकादमाच्या दारात उभं राहायला गावाने शिक्षकाला दोन-तीन हंगाम पाहिलेलं असावं लागतं. कायद्याने दिलेला दुसरा शिक्षक दर काही महिन्यांनी बदलणारा नको, टिकणारा हवा, एवढीच आमची मागणी होती आणि आहे.

२०२४ च्या भरतीत पवित्र पोर्टलवरून आमच्या भागातल्या एका शाळेला एक तरुण शिक्षिका मिळाली. मराठवाड्यातली, लांबून आलेली, पहिलीच नेमणूक. रुजू झाली तेव्हा शाळेत दुसरे एक सर होते, तेही तरुण. तिने मला विचारलं, पहिलं काय करू? मी तिला माझी जुनी वही दिली आणि रकाने समजावले. पोळ्यानंतर घरं फिरायची, गणपतीच्या आत यादी पुरी करायची, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव कुणी मागायची वाट न पाहता द्यायचा आणि त्याची पोच तारखेसह घ्यायची. कारखान्यांजवळच्या शाळांचे फोन नंबर आधीच मिळवायचे. अंगणवाडीच्या ताईंना बरोबर घेऊन जायचं, कारण मोठ्या मुलीचा प्रश्न धाकट्यापासून सुरू होतो. सरांना मी सांगितलं, ती फिरतीवर असेल तेव्हा चारही वर्ग तुमचे, आणि तुम्ही फिराल तेव्हा तिचे.

यंदा त्या दोघांनी प्रस्ताव ऑगस्टमध्येच दिला, पोच घेतली. वहीत नऊ मुलांची नावं आहेत. मंजुरी दसऱ्याच्या आत आली तर नऊही गावात राहतील. नाही आली तर किमान चार राहावीत म्हणून तिने आज्यांची एक वेगळी यादी केली आहे, ज्यांच्या घरी रेशनवर आणखी एक ताट निघू शकतं. चौघींपैकी तिघींनी होकार दिला आहे. चौथीकडे ती येत्या बाजाराच्या दिवशी पुन्हा जाणार आहे.